पारदर्शक इंजिनिअरिंग प्लास्टिकचे अचूक भाग आणि इंजेक्शन मोल्डिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजेक्शन मोल्डिंग म्हणजे वितळलेले प्लास्टिक दाबाने साच्यात भरून भाग काढणे. काळ्या एबीएस प्लास्टिकचे किंवा काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे भाग ज्या यंत्रावर वर्षानुवर्षे निघाले, त्याच यंत्रावर पारदर्शक भागही तितक्याच सहजतेने निघतील, असे गृहीत धरून अनेक जण या कामात उतरतात. खालील प्रश्न चाकण, भोसरी, वाळूज, अंबड अशा औद्योगिक वसाहतींतील मोल्डर, टूल रूममधील कारागीर आणि उत्पादनाची रचना करणारे अभियंते यांच्याकडून पुन्हा पुन्हा येतात. डोळ्यांना दिसणारा दोष तपासणीच्या टेबलावरच अडतो, परंतु न दिसणारा अंतर्गत ताण थेट ग्राहकापर्यंत पोहोचतो. म्हणून उत्तरे देताना शक्य तिथे ताणाचा हिशेब आधी मांडला आहे.

कोणते प्लास्टिक निवडावे?

भाग कुठे बसणार आहे आणि कोणत्या तेलाच्या, रसायनाच्या किंवा उष्णतेच्या सान्निध्यात राहणार आहे, येथून निवडीची सुरुवात करावी. दर त्यानंतर पाहावा.

आघात सोसायचा असेल तर पॉलिकार्बोनेटला, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या पीसीला, फारसा पर्याय नाही. १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीचे हर्मन श्नेल आणि त्यानंतर लगेचच अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे डॅनियल फॉक्स यांनी स्वतंत्रपणे हे प्लास्टिक तयार केले. त्याचे काचसंक्रमण तापमान, म्हणजे ज्या तापमानाला ते कडकपणा सोडून मऊ होऊ लागते ते, सुमारे १४७ अंश सेल्सिअस असल्याने दिव्याजवळच्या भागांतही ते आकार सोडत नाही. त्याच्या उणिवा दोन आहेत. पृष्ठभागावर ओरखडे लवकर पडतात, आणि ताण तसेच रसायने या दोहोंबाबत ते कमालीचे हळवे असते.

ॲक्रिलिक, म्हणजे पीएमएमए, अधिक स्वच्छ दिसते, त्याचा पृष्ठभाग अधिक कठीण असतो आणि वर्षानुवर्षे उन्हात राहूनही ते सहसा पिवळे पडत नाही. मात्र ते ठिसूळ आहे आणि ९० अंशांच्या आसपास त्याचा भरवसा संपतो. लाइट गाइड, मीटरची काच, मागच्या दिव्यांची आवरणे अशा कामांत त्याचा वापर होतो तो याच गुणांमुळे.

सायक्लिक ऑलेफिन गटातील प्लास्टिक, सीओसी आणि सीओपी, ०.०१ टक्क्याहूनही कमी पाणी शोषते आणि त्यात द्विअपवर्तन, म्हणजे प्रकाश दोन किरणांत विभागला जाणे, फार कमी असते. त्यामुळे मोबाइलच्या कॅमेऱ्यातील भिंगे, आधीच औषध भरलेल्या सिरिंज आणि निदानाच्या सूक्ष्मवाहिन्यांच्या चकत्या यांसाठी ते निवडले जाते. तेल आणि चरबी मात्र त्याला सोसत नाहीत. ताण असलेल्या जागी बोटाचा तेलकट ठसा राहिला तरी तडे जाऊ शकतात. किंमत पीसीच्या कित्येक पट असते.

वाफेने वारंवार निर्जंतुक करायच्या भागांसाठी पॉलिसल्फोन गटाकडे वळावे लागते. ते पारदर्शक असले तरी अंबरासारख्या फिकट पिवळ्या छटेचे असते, आणि ही गोष्ट ग्राहकाला साचा बनवण्यापूर्वीच सांगून ठेवणे हिताचे असते.

ग्राहक ९५ टक्के प्रकाश पार जावा असे म्हणतो. पॉलिश वाढवून ते शक्य आहे का?

नाही. हवेतून प्लास्टिकमध्ये शिरताना आणि पुन्हा बाहेर पडताना प्रत्येक पृष्ठभागावर काही प्रकाश परावर्तित होतो आणि त्याचे प्रमाण अपवर्तनांकावर (प्रकाश पदार्थात किती वळतो याच्या मापावर) ठरते. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक सुमारे १.४९ आहे, हिशेब केल्यास प्रत्येक पृष्ठभागावर जवळपास ४ टक्के प्रकाश परततो, म्हणजे ९२ टक्के ही त्याची वरची मर्यादा झाली. पीसीचा अपवर्तनांक १.५८६ असल्याने प्रत्येकी ५ टक्के जातात आणि मर्यादा ९० टक्क्यांच्या आसपास थांबते. याहून पुढे जायचे तर परावर्तनरोधक लेप द्यावा लागतो. पॉलिश कमी पडले तर धूसरपणा वाढतो, म्हणून पारगमन आणि धूसरपणा हे दोन वेगळे आकडे मागावेत. दोन्ही एएसटीएम डी १००३ या पद्धतीने मोजले जातात.

दाणा, म्हणजे कच्चे प्लास्टिक, किती वेळ वाळवावा, आणि पावसाळ्यात वेगळे काही करावे लागते का?

पीसीसाठी १२० अंश सेल्सिअसला ३ ते ४ तास, आणि ओलावा ०.०२ टक्क्याच्या खाली. ॲक्रिलिकसाठी ८० ते ८५ अंश आणि साधारण तेवढाच वेळ. तापमान त्याहून वाढवल्यास दाणे एकमेकांना चिकटून हॉपरच्या, म्हणजे दाणा भरण्याच्या नरसाळ्याच्या, तोंडाशी अडतात. हे तास ड्रायरचे बटण दाबल्यापासून मोजायचे नसतात. दाण्यांचा सगळा ढीग त्या तापमानाला पोहोचला की तिथून ते मोजावे लागतात. ड्रायरची क्षमता तासाला लागणाऱ्या मालाच्या चौपट नसेल, तर खालून निघणारा दाणा चार तास आत राहिलेलाच नसतो. हा साधा गुणाकार न केल्यामुळे कागदावर बरोबर असलेले वाळवणे प्रत्यक्षात अर्धवट राहते.

साध्या गरम हवेच्या ड्रायरचा प्रश्न पावसाळ्यात उभा राहतो. तो कारखान्यातीलच हवा ओढून तापवतो. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यातही हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते ते) २० अंशांच्या वर असतो आणि मुंबई, रायगड, गोव्याच्या पट्ट्यात तो त्याहून अधिक असतो. अशी हवा कितीही तापवली तरी तिच्यातील पाणी तिच्यातच राहते आणि दाण्यातील ओलावा एका पातळीच्या खाली उतरत नाही. ओलावा शोषणारे रसायन भरलेला ड्रायर हवेचा दवबिंदू उणे ३० ते उणे ४० अंशांपर्यंत नेतो. पारदर्शक पीसीसाठी हा खर्च टाळण्यासारखा नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. वाळलेला दाणा उघड्या हॉपरमध्ये पडून राहिला तरी तो हवेतील ओलावा पुन्हा ओढून घेतो, म्हणून यंत्रावरचा हॉपर लहान, झाकलेला आणि शक्यतो तापवलेला असावा.

ओल्या दाण्याचे नुकसान केवळ चंदेरी रेघांपुरते नसते. वितळलेल्या पीसीमध्ये २८० ते ३०० अंशांना पाणी उरले तर ते रेणूंच्या साखळ्या तोडते. ओलावा थोडाच जास्त असेल तर रेघा दिसतही नाहीत, भाग काचेसारखा स्वच्छ निघतो, आणि आघाताची ताकद मात्र गेलेली असते. मूळ दाण्याचा आणि तयार भागाचा मेल्ट फ्लो, म्हणजे वितळल्यावरचा प्रवाहीपणा, मोजून तुलना केली की हे कळते. भागाचा आकडा लक्षणीय वाढलेला असेल तर साखळ्या तुटल्या असे समजावे.

महागडे उपकरण नसलेल्यांसाठी काचपट्टीची जुनी चाचणी उपयोगी पडते. सूक्ष्मदर्शकाच्या दोन काचपट्ट्या हॉट प्लेटवर सुमारे २७० अंशांना तापवाव्यात, ड्रायरमधून आताच काढलेले चार-पाच दाणे एका पट्टीवर ठेवून दुसरी पट्टी वरून दाबावी आणि दाणे चपटे झाले की थंड करून उजेडाकडे धरून पाहावे. एखाददुसरा बुडबुडा दाबताना अडकलेल्या हवेचा असू शकतो. प्रत्येक दाण्यात बुडबुड्यांची रांग दिसली तर तो दाणा ओला आहे.

आमच्याकडील नेहमीचे यंत्र चालेल का?

बहुधा चालेल, पण तीन गोष्टी तपासाव्या लागतील. पहिली म्हणजे बॅरलचा, माल वितळवणाऱ्या नळीचा, आकार. एका शॉटमध्ये, म्हणजे साचा एकदा भरताना, बॅरलच्या क्षमतेच्या साधारण ३० ते ७० टक्के माल वापरला जावा; मोठ्या यंत्रावर लहानसे भिंग काढायला घेतले तर माल बॅरलमध्ये वाजवीपेक्षा जास्त वेळ तापत राहतो आणि पिवळा पडतो. दुसरी म्हणजे नोझल, माल साच्यात सोडणारे बॅरलचे तोंड. ते उघड्या प्रकारचे असावे, कारण झडपेच्या नोझलमध्ये माल साचून जळणाऱ्या जागा असतात. तिसरी म्हणजे स्क्रूचा, बॅरलमधील माल पुढे ढकलणाऱ्या मळसूत्री दांड्याचा, पृष्ठभाग. पीसी स्टीलला घट्ट चिकटते आणि थंड होताना आकुंचन पावून नायट्राइड केलेल्या थराचे कण उपटून आणू शकते. क्रोम मुलामा दिलेला किंवा बायमेटॅलिक स्क्रू अधिक सुरक्षित असतो.

शक्य असेल तर एक यंत्र फक्त पारदर्शक मालासाठी राखून ठेवावे. काळ्या मालानंतर पर्ज करून, म्हणजे बॅरलमधील जुना माल बाहेर ढकलून काढून, स्वच्छ शॉट मिळवण्यात जो दाणा आणि जी पाळी खर्च होते, तिचा हिशेब वर्षअखेरीस मांडल्यास वेगळे यंत्र महाग वाटत नाही.

काळे ठिपके कुठून येतात? पर्ज करूनही ते जात नाहीत.

या दोषावर सर्वाधिक वेळ जातो आणि सर्वाधिक वाद होतात, म्हणून आधी ठिपक्याची ओळख पटवावी. दहा पट भिंगाखाली पाहिल्यास जळलेल्या मालाचा ठिपका बहुधा तपकिरी कडेचा आणि मागे फिकट शेपूट असलेला दिसतो, कारण तो वितळलेल्या प्रवाहाबरोबर ओढला गेलेला असतो. कापडाचा किंवा पुठ्ठ्याचा तंतू लांबट आणि टोकदार असतो. तो भाग कापून ठिपका मोकळा केल्यावर चुंबकाला लागला, तर स्क्रूकडे किंवा ग्राइंडरच्या पात्यांकडे संशयाने पाहावे.

तंतू आणि धूळ यांचा उगम यंत्राबाहेर असतो. पोते सुरीने फाडताना त्याचे बारीक तुकडे दाण्यात पडतात, आधी वापरलेल्या ड्रमच्या तळाशी दुसऱ्या मालाचे दाणे राहतात आणि हॉपर कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करताना बाजूच्या यंत्राची धूळ आत जाते. पोते पुसून, कात्रीने, हॉपरपासून दूर उघडणे ही शिस्त एका दिवसात लागते आणि तिला खर्च नाही.

जळलेले ठिपके मात्र बहुतेक वेळा यंत्र बंद करण्याच्या सवयीतून जन्माला येतात. शनिवारी रात्री बॅरलमध्ये पीसी तसेच ठेवून हीटर बंद केले जातात, सोमवारी पुन्हा तापवले जातात, आणि दरम्यान भिंतीला चिकटलेला थर तडकून त्याचे खपले पुढील कित्येक पाळ्या सुटत राहतात. थोड्या वेळासाठी थांबायचे असल्यास बॅरल १६० ते १८० अंशांवर ठेवावा. पूर्ण बंद करायचे असल्यास पर्जचा माल चालवून पीसी बाहेर काढावे आणि मगच हीटर बंद करावेत. इतके करूनही ठिपके थांबत नसतील, तर चेक रिंग (माल मागे येऊ न देणारी स्क्रूवरील कडी) आणि नोझलचा जोड उघडून पाहण्याशिवाय मार्ग नाही. दोन पृष्ठभागांमधील अर्ध्या मिलिमीटरची फटसुद्धा माल साचायला पुरते. एबीएससारखा आधीचा माल तिथे राहिला असेल तर पीसीच्या तापमानाला तो नक्की जळतो.

साच्यासाठी कोणते स्टील घ्यावे आणि पॉलिश किती असावे?

प्लास्टिक साच्याची किती तंतोतंत नक्कल करते, याचे उत्तम उदाहरण कॉम्पॅक्ट डिस्क आहे. पीसीच्या १.२ मिलिमीटर जाडीच्या चकतीवर सुमारे एक दशांश मायक्रॉन खोलीचे खड्डे मोल्डिंगमध्येच उमटवले जातात. जो पदार्थ इतकी सूक्ष्म नक्कल करतो, तो पॉलिशच्या दगडाचा राहिलेला ओरखडा लपवेल, अशी अपेक्षा धरता येत नाही.

आरशासारख्या पॉलिशसाठी स्टील आतून स्वच्छ हवे. इलेक्ट्रोस्लॅग पद्धतीने पुन्हा वितळवलेले ४२० वर्गातील गंजरोधक स्टील, ५० ते ५४ एचआरसी (रॉकवेल कठीणपणाचे माप) कठीण केलेले, हा सर्वमान्य पर्याय आहे. साध्या स्टीलमध्ये गंधकाचे आणि ऑक्साइडचे सूक्ष्म कण असतात; पॉलिश करताना ते उपटून निघतात आणि त्यांच्या जागी टाचणीच्या टोकाएवढे खड्डे राहतात. अशा वेळी दोष कारागिराच्या माथी मारला जातो, तो अन्यायकारक असतो. चाळीस एचआरसीच्या आसपास कठीण केलेले, घरी उष्णतोपचार करावा न लागणारे एनएके ८० हे स्टीलही लहान संख्येसाठी चांगले पॉलिश घेते.

एसपीआय या अमेरिकी प्लास्टिक उद्योगसंस्थेच्या पॉलिशच्या श्रेणीत ए-१, ए-२ आणि ए-३ या तिन्ही पायऱ्या हिऱ्याच्या पेस्टने गाठल्या जातात आणि ए-१ मध्ये सरासरी खडबडीतपणा (आरए) सुमारे ०.०१२ ते ०.०२५ मायक्रॉन इतका खाली येतो. दगड, मग कागद, मग १५, ६, ३ आणि १ मायक्रॉनची पेस्ट असा क्रम असतो. प्रत्येक टप्प्यावर दिशा बदलून आधीच्या टप्प्याचे सगळे ओरखडे गेल्याची खात्री करावी लागते, आणि मधल्या वेळी साचा, हात आणि लाकडी काड्या स्वच्छ कराव्या लागतात. १५ मायक्रॉनचा एक कण ३ मायक्रॉनच्या टप्प्यात शिरला तर काम दोन दिवस मागे जाते. घाईने आणि जास्त दाबाने घासल्यास संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग उमटतो. तिथे आणखी घासणे हा उपाय नसून मागच्या टप्प्यावर परत जाणे हा उपाय आहे.

एक फरक येथे सांगितला पाहिजे. हाताने केलेले पॉलिश चकाकी देते, आकाराची अचूकता देत नाही. प्रतिमा उमटवणाऱ्या भिंगासाठी निकेल-फॉस्फरसचा मुलामा दिलेल्या इन्सर्टवर, म्हणजे साच्यात बसवायच्या वेगळ्या तुकड्यावर, हिऱ्याच्या एकाच टोकाने वळण देऊन पृष्ठभाग तयार केला जातो आणि त्यावर नंतर कोणी हात फिरवत नाही.

गेट, म्हणजे माल साच्याच्या पोकळीत शिरण्याचे तोंड, कुठे आणि केवढे द्यावे?

सर्वात जाड भागाकडे, प्रकाश जाणार नाही अशा कडेला, आणि नेहमीच्या सवयीपेक्षा मोठे. भिंगासाठी गेटची जाडी त्या ठिकाणच्या भिंतीच्या ५० ते ८० टक्के ठेवली जाते, कारण गेट लवकर गोठले की पुढचा दाब आत पोहोचत नाही आणि आकुंचन भरून निघत नाही. छोट्या गेटमधून माल वेगाने मोकळ्या पोकळीत शिरला तर त्याची सापासारखी वळवळती रेघ भागात कायमची राहते. पंख्याच्या आकाराचे गेट, किंवा प्रवाह आधी एका छोट्या जिभेवर आदळवणारे टॅब गेट, हे त्यावरचे उपाय आहेत आणि सुरुवातीचा वेग कमी ठेवणे हा सोबतचा उपाय आहे.

मोठे गेट पकडीने कापल्यास कड चुरडते आणि नेमके तिथूनच पुढे तडे सुरू होतात. तापवलेल्या पात्याने किंवा फिक्स्चरमध्ये बसवून बारीक करवतीने ते काढावे.

छिद्राच्या मागे वेल्ड लाइन दिसते. ती पूर्ण घालवता येईल का?

छिद्र असेल तर प्रवाह फुटणार आणि पुन्हा जुळणार; जोडरेषा हलवता येते, फिकट करता येते, नाहीशी करणे कठीण असते. साच्याचे तापमान पीसीसाठी ८० ते १२० अंशांच्या वरच्या बाजूला न्यावे, जोडाच्या जागी व्हेंट (हवा निसटण्याची फट) द्यावा आणि शक्य असेल तर छिद्र मोल्डिंगनंतर पाडावे. प्रत्येक शॉटला साचा तापवून पुन्हा थंड करण्याची पद्धत रेषा जवळजवळ पुसते, पण सायकल लांबते आणि साचा महागतो.

१२ मिलिमीटर जाडीचे भिंग एका शॉटमध्ये निघेल का?

निघेल, पण वेळेचा हिशेब आधी पाहावा. थंड होण्याचा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पीसीची ३ मिलिमीटर भिंत सुमारे १५ सेकंदांत काढण्याजोगी होत असेल, तर १२ मिलिमीटरला सोळापट, म्हणजे ४ मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. म्हणूनच जाड भिंगे दोन किंवा तीन थरांत मोल्ड केली जातात; पातळ थरांचे वेळ एकत्र मिळवले तरी ते एका जाड थरापेक्षा कमी भरतात, आणि नंतरचा थर आधीच्या थराचा खोलगटपणाही भरून काढतो.

जाड भागात मध्यभागी दिसणारी पोकळी वायूची आहे की निर्वाताची, हे ओळखण्याची सोपी रीत अशी की भाग हॉट एअर गनने हळूहळू मऊ करावा. पोकळी आत बसली आणि पृष्ठभाग खचला तर ती आकुंचनाने झालेली निर्वात पोकळी असते, आणि होल्डिंगचा (पोकळी भरल्यावर धरून ठेवलेला) दाब, वेळ व गेट यांकडे पाहावे लागते. ती फुगली तर आत वायू आहे. मग दाण्याचा ओलावा, बॅक प्रेशर (माल वितळवताना स्क्रूवर मागून ठेवलेला दाब) आणि मालाचे तापमान तपासावे. दोन्हींचे उपाय एकमेकांपासून इतके वेगळे आहेत की ही पाच मिनिटांची चाचणी न करता सेटिंग बदलत बसणे व्यर्थ आहे.

भागातील अंतर्गत ताण कसा पाहायचा?

पारदर्शकतेचा एकमेव मोठा फायदा येथे मिळतो, कारण अपारदर्शक भागात ही सोय नसते. एकमेकांना आडव्या ठेवलेल्या दोन ध्रुवक (पोलरायझर) पडद्यांमध्ये भाग धरला की ताणाच्या जागी रंगीत पट्टे दिसतात; पट्टे जितके दाट, तितका ताणातील उतार तीव्र. बहुतेक लॅपटॉपच्या पडद्यातून येणारा प्रकाश मुळात ध्रुवितच असतो. त्यावर पूर्ण पांढरे पान उघडून भाग समोर धरावा आणि ध्रुवक फिल्म किंवा पोलराइज्ड गॉगल डोळ्यासमोर हळूहळू फिरवावा. पडदा काळा झाला की भागातील रंग उमटतात. पीसीमध्ये गेटजवळ असे पट्टे जवळजवळ नेहमीच दिसतात. ॲक्रिलिकमध्ये तितकाच ताण असूनही ते फिके दिसतात, म्हणून दोन वेगळ्या प्लास्टिकची रंगांवरून तुलना करू नये. मान्य केलेला नमुना शेजारी ठेवून त्याच प्लास्टिकची, त्याच जाडीची तुलना करावी.

ताण कमी करण्यासाठी साचा अधिक गरम ठेवणे, भरण्याचा वेग जाडीला साजेसा ठेवणे, होल्डिंगचा दाब पायरीपायरीने उतरवणे आणि थंड पाण्याच्या वाहिन्या दोन्ही बाजूंना समतोल ठेवणे हे उपाय करावेत. त्यानंतरही उरलेल्या ताणासाठी ॲनीलिंग केले जाते. पीसीचे भाग १२० ते १२५ अंशांवर भिंतीच्या जाडीप्रमाणे ठेवून ओव्हनमध्येच सावकाश थंड करतात. यात परिमाणे थोडी बदलतात, म्हणून अचूक भागांचे मोजमाप ॲनीलिंगनंतर करावे. सायकल वाचवण्यासाठी थंड साच्यावर भाग काढायचे आणि मग ॲनीलिंगने सावरून घ्यायचे, हा उलटा व्यवहार आम्हाला पटत नाही.

आमच्या तपासणीत भाग निर्दोष होते, पण ग्राहकाकडे काही आठवड्यांनी तडे गेले. असे का होते?

ताण आणि रसायन एकत्र आले की असे होते. दोन्हींपैकी एकच असेल तर भाग बहुधा टिकतो, आणि म्हणूनच कारण सापडायला वेळ लागतो. पीसीचे भाग थिनरने किंवा ॲसिटोनने पुसणे हे त्यातील उघड उदाहरण. पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा सौम्य साबणाचे पाणी वापरावे. पण न सुचणारी कारणे अधिक असतात. स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावलेले ॲनारोबिक लॉकिंग द्रव, शेजारून गेलेल्या मऊ पीव्हीसी वायरच्या आवरणातून झिरपणारे प्लास्टिसायझर, साच्यावर राहिलेले गंजरोधक तेल, भागात बसवायच्या धातूच्या इन्सर्टवर उरलेले कटिंग ऑइल हे सगळे पीसीला तडे आणू शकतात.

इन्सर्टबाबत एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. पीसीचे औष्णिक प्रसरण स्टीलच्या सुमारे सहापट असते. थंड इन्सर्टभोवती पीसी मोल्ड केले तर ते आकसताना इन्सर्टला आवळून धरते आणि तो ताण कायमचा राहतो. इन्सर्ट धुऊन, वाळवून आणि तापवून ठेवावा, किंवा मोल्डिंगनंतर अल्ट्रासॉनिक पद्धतीने बसवावा. सेल्फ-टॅपिंग स्क्रूंसाठी शंक्वाकार डोक्याऐवजी सपाट बुडाचे डोके निवडावे; शंकू पाचरीसारखा छिद्र फाकवतो.

मापात किती टॉलरन्स (चालणारा फरक) मागता येईल?

पीसीचे आकुंचन ०.५ ते ०.७ टक्के आणि सर्व दिशांना जवळजवळ सारखे असल्याने लहान परिमाणांवर शतांश मिलिमीटरच्या हिशेबाने बोलता येते, परंतु प्रत्येक परिमाणावर तो आकडा लिहिणे म्हणजे साचा विनाकारण महाग करणे होय. मोल्ड केलेल्या प्लास्टिकसाठी आयएसओ २०४५७ हे स्वतंत्र मानक आहे. धातूच्या मशिनिंगचे तक्ते येथे लावू नयेत.

वादाचे मूळ बहुधा मोजमापाच्या खोलीत असते. पीसीचा १०० मिलिमीटर लांबीचा भाग २५ अंशांच्या फरकाने सुमारे ०.१६ मिलिमीटर लांबतो. मे महिन्याच्या दुपारी शॉप फ्लोअरवर घेतलेले माप आणि ग्राहकाच्या वातानुकूलित खोलीतील माप यांत इतका फरक पडला, तर दोघेही खरे असतात. मोजमाप २३ अंशांना आणि मोल्डिंगनंतर किमान एका दिवसाने करायचे, हे मागणीपत्रातच लिहून घ्यावे. ॲक्रिलिक पाणी शोषून फुगते, म्हणून त्यासाठी आर्द्रतेचाही उल्लेख हवा.

रनरचा, म्हणजे गेटपर्यंतच्या वाटेत गोठलेला, माल दळून पुन्हा वापरावा का?

प्रकाशीय आणि वैद्यकीय भागांत वापरू नये. तोच माल करड्या किंवा रंगीत भागांत, वाळवून, खुशाल वापरावा.

भाग पिवळसर का दिसतात?

यंत्रातून निघतानाच पिवळे असतील तर माल जास्त तापला किंवा बॅरलमध्ये जास्त वेळ राहिला, असे समजावे. ड्रायरमध्ये रात्रभर राहिलेला दाणाही पिवळा पडतो. वापरानंतर पिवळे पडले असतील तर उन्हातील अतिनील किरण हे कारण असते. पीसीच्या हेडलॅम्पच्या काचेवर कठीण लेप दिला जातो तो ओरखड्यांबरोबर या किरणांपासूनही संरक्षण व्हावे म्हणून, आणि तो लेप झिजला की काच धुरकट होते. पांढऱ्या कागदावर दहा-बारा भाग एकावर एक ठेवून कडेने पाहिल्यास फिकट छटाही लगेच लक्षात येते.

यासाठी क्लीन रूम लागते का?

वैद्यकीय भागांसाठी बहुधा आयएसओ वर्ग ८ ची खोली मागितली जाते. इतर कामांत यंत्राभोवती पडदे, वरून गाळलेली हवा आणि स्थिर वीज घालवणारा आयनायझर इतके पुरते. मोल्डमधून निघालेल्या भागावर स्थिर वीज असते आणि तो धूळ ओढतो, म्हणून भाग टोपलीत टाकू नये. हातमोजे घालून कडेने धरावा आणि थेट ट्रेमध्ये ठेवावा.

साचा बनवण्याआधी नमुना कसा मिळवावा?

ॲक्रिलिक कापून, वळवून आणि पॉलिश करून चांगला नमुना मिळतो. पीसीचा कापलेला नमुना वाफेच्या पॉलिशने स्वच्छ होतो. बसवणूक आणि प्रकाश तपासायला हे पुरे आहे. ताण, जोडरेषा आणि तडे यांविषयी मात्र असा नमुना काहीच सांगत नाही, त्यामुळे एका पोकळीचा चाचणी साचा बनवणे अचूक भागांसाठी परवडते. भरण्याचे सिम्युलेशन जोडरेषेची जागा विश्वासार्हपणे दाखवते. चकाकीबद्दल त्याला विचारू नये.

ड्रॉइंगवर काय लिहिलेले असावे?

"पारदर्शक, दोषविरहित" हे शब्द तक्रारीच्या वेळी दोन्ही पक्षांना निरुपयोगी ठरतात. कोणत्या पृष्ठभागातून प्रकाश जाणार आहे तो भाग आखून दाखवावा, त्या भागात किती मायक्रॉनचा ठिपका चालेल आणि किती अंतरावरून, किती प्रकाशात, किती सेकंद पाहायचे हे लिहावे. गेटची आणि इजेक्टर पिनची (भाग साच्याबाहेर ढकलणाऱ्या पिनची) मान्य जागा, मेल्ट फ्लोमधील मान्य वाढ, ताणाचा मान्य नमुना आणि भाग कोणत्या रसायनांच्या संपर्कात येणार याची यादीही असावी. दाण्याचे नाव ग्रेडच्या क्रमांकासह असावे, कारण एकाच कंपनीच्या दोन पीसी ग्रेडचा प्रवाहीपणा दुप्पट-तिप्पट वेगळा असू शकतो.

काम संपल्यावर साचा कसा ठेवावा?

पाण्याच्या वाहिन्यांत हवा मारून पाणी पूर्ण काढावे आणि साचा खोलीच्या तापमानाला आल्यावरच बंद करावा, नाहीतर थंड स्टीलवर दव धरते. पॉलिश केलेल्या पृष्ठभागाला उघड्या बोटांनी स्पर्श करू नये. घामाचा ठसा पावसाळ्यात काही दिवसांतच स्टीलमध्ये उतरतो आणि पुन्हा हिऱ्याच्या पेस्टपर्यंत जावे लागते. साचा कापडाने कोरडा घासू नये, हवेने धूळ उडवून मगच सॉल्व्हंट आणि मऊ कापूस वापरावा. पुन्हा यंत्रावर चढवताना गंजरोधक तेल पुसले तरी ते इजेक्टर पिनांच्या फटींतून येत राहते. म्हणून सुरुवातीचे शॉट, दिसायला स्वच्छ असले तरी, ध्रुवित प्रकाशात आणि भिंगाखाली तेलाचा माग पूर्ण थांबेपर्यंत बाजूला काढावेत.